उताऱ्यात नसलेलं उत्तर

संयोगिता चौगुले यांना वाचता येईनासं झालं ते सकाळच्या ड्युटीवर, सव्वाआठच्या सुमाराला. पुरुषांच्या वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेपाशी उभं राहून त्यांनी पेशंटचा कागद हातात घेतला आणि त्यांना वाटलं, हा कुणीतरी कानडीत लिहिलाय. निपाणी-बेळगावकडचे पेशंट नेहमीच यायचे, त्यामुळं पहिल्यांदा त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी शेजारच्या खाटेचा कागद उचलला. तोही कानडी. मग त्यांनी मान वर करून भिंतीकडं बघितलं. 'शांतता राखा' ही पाटी सव्वीस वर्षं त्याच जागी होती. ती पाटीसुद्धा कानडी झाली होती.

त्या खाली बसल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. हातातला कागद नीट अडकवून त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "सर, मला कायतरी झालंय. माझं डोस्कं तपासा."

मेंदूच्या मागच्या भागात, डाव्या बाजूला, रक्ताची गुठळी अडकली होती. बोलणं शाबूत, चालणं शाबूत, हातात ताकद तीच. दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसत नव्हतं, आणि वाचता येत नव्हतं. लिहिता मात्र येत होतं, हे सगळ्यांत चमत्कारिक. डॉक्टरांनी नाव लिहायला सांगितलं तेव्हा त्यांनी वळणदार अक्षरात 'संयोगिता अमरसिंह चौगुले' असं लिहिलं. मग तोच कागद त्यांच्यासमोर धरून विचारलं, "काय लिहिलंय?" त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला काय म्हाईत? कुणी लिहिलंय हे?"

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या. मी नुजहत शिकलगार. शाहूपुरीत स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानावर माझी दोन खोल्यांची जागा आहे. बोलणं गेलेल्या, अडखळणाऱ्या, वाचन हरवलेल्या माणसांना मी शिकवते. स्पीच थेरपिस्ट म्हणतात तशी.

चौगुले सिस्टरांचं नाव मी ऐकून होते. ज्या पेशंटची शीर कुणाला सापडत नाही त्याच्याकडं त्यांना बोलवायचे. मलकापूरच्या पुढच्या एका वाडीत वाढलेल्या, बारावीनंतर नर्सिंगला आलेल्या, त्या घरातून नोकरीला बाहेर पडलेल्या पहिल्याच बाई. वय अठ्ठेचाळीस. उंच, ताठ, आणि बोलायला अशा की समोरच्यानं ऐकलंच पाहिजे. सोबत नवरा होता. अमरसिंह शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या स्टोअरला आहेत. ते बाकावर बसले आणि त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "ड्युटीवर कधी जाईल ही?"

मी सिस्टरांच्या पुढ्यात नेहमीसारखा सोपा उतारा ठेवला. कावळा, चिमणी, पाऊस. पहिला शब्दच त्यांना लागेना. मी तो वाचून दाखवल्यावर त्यांनी कागद माझ्याकडं ढकलला.

"कावळ्याचं काय करू मी? शरीराचं कायतरी द्या. काळीज, फुप्फुसं, नाडी. त्यात जन्म गेलाय माझा."

मला ते पटलं. आवडीचा विषय असला की मेंदू जोर लावतो, असं आम्ही शिकलोय. मी सहावी-सातवीच्या सरावाच्या पुस्तकांतून बारा उतारे काढले. पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण, उत्सर्जन, हाडांचा सांगाडा. प्रत्येकी पाच-सहा ओळी आणि खाली पाच प्रश्न. मोठ्या टायपात छापून घेतले. ओळी जिथं संपतात तिथं उजवीकडं लाल रेघ ओढली, म्हणजे ती रेघ दिसेपर्यंत मान वळवायची. ओळीचा शेवट सुटला तर मराठीत सगळंच सुटतं. 'द्यावे' की 'देऊ नये' हे कळायला शेवटच गाठावा लागतो.

पद्धत अशी की प्रत्येक अक्षर डोळ्यांनी बघून बोटानं डाव्या तळहातावर गिरवायचं. डोळ्याला जे ओळखू येत नाही ते कधी कधी बोटाला ओळखू येतं. सिस्टर बोट फिरवायच्या, ओठ हलवायच्या, कपाळावर घाम यायचा. घरी सरावाला मी तेच बारा उतारे दिले होते.

पाच आठवड्यांत त्यांनी जी प्रगती केली तशी मी आजवर कुणाची बघितली नव्हती. जठर कुठं असतं, लहान आतड्यात काय होतं, रक्तातल्या तांबड्या पेशींचं काम काय, सगळी उत्तरं बरोबर. एकदा उत्सर्जन संस्थेचा उतारा होता. प्रश्न होता, 'मूत्रपिंडांचा आकार कशासारखा असतो?' त्यांनी घेवड्याच्या बीसारखा असं बरोबर सांगितलं आणि वर म्हणाल्या, "डावं जरा वर असतंय. उजव्याच्या डोक्यावर यकृत बसलंय न्हवं, म्हणून."

मी हसले. पाचपैकी पाच दिले. डावं मूत्रपिंड वर असतं हे त्या उताऱ्यात कुठंच नव्हतं. तो क्षण मला आजही टोचतो. समोर धोक्याचा दिवा लागला होता आणि मी त्याला पेशंटची हुशारी समजले.

मे महिन्यात डॉक्टरांनी माझ्याकडं अहवाल मागितला. मी लिहिलं, 'उतारा वाचून आकलन समाधानकारक. वेग कमी, पण सुधारतो आहे.' नजरेच्या तपासणीत उजवीकडचं कमी दिसतं असं आलं होतं, पण सिस्टर मान वळवून ते भागवायला शिकल्या होत्या. फिटनेसचा कागद मिळाला. जूनच्या पहिल्या सोमवारी त्या पांढऱ्या साडीत ड्युटीवर गेल्या. त्याआधी अमरसिंह माझ्याकडं मलकापूरकडचा एक भलामोठा फणस देऊन गेले. पहिल्यांदाच ते माझ्याशी मोकळं बोलले. म्हणाले, "घर परत घरासारखं झालं बगा."

ड्युटी एकोणीस दिवस टिकली.

त्या एकोणीस दिवसांत त्यांनी काय काय केलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पेशंट त्यांना खाटेवरून आणि चेहऱ्यावरून पाठ होते. औषधं टोपणाच्या रंगावरून, बाटलीच्या खांद्याच्या वळणावरून, कपाटातल्या जागेवरून. त्यांच्या हाताखाली राजनंदिनी नावाची दोन वर्षांपूर्वी लागलेली नर्स होती. सिस्टर तिच्यापुढं कागद धरायच्या आणि म्हणायच्या, "वाच बघू मोठ्यानं." राजनंदिनीला वाटायचं, सिस्टर आपली परीक्षा घेतायत. ती खणखणीत वाचायची. नाव, औषध, किती, कधी. सिस्टर "बरोबर" म्हणायच्या.

विसाव्या दिवशी जोतिबाच्या डोंगरावरून एक म्हातारे पेशंट आले होते. तिथं त्यांचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान. रात्रभर उलट्या होऊन गळून गेले होते. डॉक्टरांनी उलटी थांबायचं इंजेक्शन सांगितलं. राजनंदिनी पलीकडं एका पेशंटला उठवून बसवत होती. सिस्टरांनी नेहमीच्या खणातून औषधाची काचेची अँप्युल घेतली, तिची मान मोडली, सिरिंजमध्ये औषध ओढलं आणि खाटेपाशी गेल्या. म्हाताऱ्यांच्या हाताला सुई आधीच लावलेली होती. सिस्टरांनी तिचं तोंड कापसानं पुसलं.

"बाई, जरा हळू द्या," म्हातारे म्हणाले.

सिस्टरांचा अंगठा सिरिंजच्या दांड्यावर होता. त्यांनी तो काढून घेतला आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "राजनंदिनी, हिकडं ये. ही अँप्युल वाच."

राजनंदिनीनं रिकामी अँप्युल उजेडाकडं धरली. तिचा चेहरा उतरला. "सिस्टर, हे पोटॅशियम हाय."

पोटॅशियम मोठ्या सलाईनमध्ये मिसळून हळूहळू द्यायचं असतं. तसंच एकदम शिरेत गेलं तर काळीज बंद पडतं. आदल्या दिवशी औषधांची कंपनी बदलली होती आणि दोन्ही औषधांच्या नव्या अँप्युल दिसायला सारख्याच होत्या. कुणीतरी पोटॅशियमच्या अँप्युल चुकून उलटीच्या औषधाच्या खणात ठेवल्या होत्या. ठेवणाऱ्याची चूक होतीच, पण ती पकडण्यासाठीच वाचायचं असतं.

म्हाताऱ्यांना काही कळलं नाही. सिस्टरांनी सिरिंज टाकून दिली, राजनंदिनीला बरोबर अँप्युल काढायला लावली, तिच्याकडून दोनदा वाचून घेतली आणि इंजेक्शन तिलाच द्यायला सांगितलं. मग त्या मेट्रनच्या खोलीत गेल्या. दहा मिनिटांत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. तिथून रिक्षा करून तशाच ड्युटीच्या साडीत माझ्याकडे आल्या.

माझ्यासमोर एक लहान मुलगा बसला होता, त्याच्या आईला मी बाहेर थांबायला सांगितलं. सिस्टर बसल्या नाहीत.

"मॅडम, माझ्या कागदावर तुमी काय लिहिलंसा?"

"कुठल्या कागदावर?"

"डॉक्टरला दिलेल्या. काय शब्द लिहिलासा?"

"समाधानकारक," मी म्हटलं.

"कुणाचं समाधान?"

मग त्यांनी झालेलं सगळं सांगितलं, अंगठा, अँप्युल, म्हाताऱ्यांचं ते वाक्य. सांगताना आवाज चढला नाही, त्याची मला जास्त भीती वाटली. शेवटी त्या म्हणाल्या, "दोघींनी वाचल्याबिगर शिरेत कायबी द्यायचं न्हाय, हे मीच पोरींना शिकवलंय. तेवढं आठवलं म्हणून. न्हायतर आज मी माणूस मारला असता."

"पण तुम्हाला वाचता येत होतं ना? माझ्यासमोर तुम्ही..."

"मला ते म्हाईत हाय की! काळजाला कप्पे किती हे मला वाचून कळायला पाहिजे व्हय? सव्वीस वर्षं काय केलं मी?"

संध्याकाळी त्यांची मुलगी अनुजा आली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, सडपातळ, आईसारखीच उंच. दारातच रडायला लागली. "मॅडम, मी रोज वाचून दाखवत होते. एकेक उतारा तीन-तीनदा. आई ऐकायची आणि कुठला कागद कुठला ते लक्षात ठेवायची. पचनाच्या कागदाला चहाचा डाग होता. मला कळत होतं हे बरोबर नाही. पण आई म्हणाली, ड्युटी गेली तर मी राहिलेच कशाला?"

तिला काय बोलायचं? चूक तिची नव्हती. घरी दिलेले उतारे आणि तपासणीचे उतारे एकच ठेवले होते मी. जिला शरीर पाठ आहे तिला शरीरावरचेच प्रश्न विचारले होते मी. बोट फिरवणं, घाम, ओठांची हालचाल हे सगळं खरं होतं. सिस्टर खोटं वागत होत्या असंही मला म्हणवत नाही. आपल्याला थोडं थोडं वाचता येतंय, असं त्यांना स्वतःलाही वाटत होतं. ऐकलेलं, माहीत असलेलं आणि दिसलेलं एकत्र कालवलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना पत्र लिहिलं की माझा अहवाल चुकीचा होता आणि का चुकीचा होता. तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिलं. ते फोनवर म्हणाले, "बरं झालं कळवलंत." त्यानंतर त्यांच्याकडून येणारे पेशंट कमी झाले.

इस्पितळानं सिस्टरांना वॉर्डातून काढून चौकशीच्या खिडकीवर बसवलं. तिथंही नावं वाचावी लागतात. चौथ्या दिवशी त्यांनी राजीनामा लिहिला, स्वतःच्या वळणदार अक्षरात, आणि काय लिहिलं ते राजनंदिनीकडून वाचून घेऊन मग सही केली. आठवड्याभरानं एकदा जेवताना अमरसिंह म्हणाले, "तू सांगितलंसच कशाला? काय झालं न्हवतं की."

"व्हायची वाट बघायची व्हय?" सिस्टर म्हणाल्या. हे मला अनुजानं सांगितलं.

जुलै आणि ऑगस्ट सिस्टर माझ्याकडे फिरकल्या नाहीत. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. गणपती उठल्यावर एका मंगळवारी त्या एकट्याच जिना चढून आल्या. बारीक झाल्या होत्या.

"आता खरं शिकवा," म्हणाल्या आणि समोर बसल्या.

मी आदल्या महिन्यात त्यांच्यासाठी काही उतारे स्वतः लिहून ठेवले होते, येतील न येतील म्हणून. ते अनुजाला दिले नव्हते. त्यातला पहिला मी पुढं ठेवला. चार ओळींचा. त्यांनी 'ह' गिरवला, त्याखालचा ऋकाराचा आकडा गिरवला, 'द', 'य'. "हृदय," म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही. अंदाज करायला मदत करायची नाही, असं मी ठरवलं होतं. पुढचा शब्द. पुढचा. दोनदा ओळ हरवली, दोनदा लाल रेघेपर्यंत जाऊन परत फिरल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरचा हॉर्न तपासत होतं, तो थांबेना. एकतीस मिनिटं गेली.

मग त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ते अक्षर पुन्हा गिरवलं.

"तीन?"

मी नजर कागदावरच ठेवली.

"माणसाच्या हृदयाला तीन कप्पे असतात?" त्यांचा आवाज एकदम वॉर्डातला झाला. "तीन कसं? चार असत्यात! बेडकाला तीन असत्यात. कुणी लिहिलंय हे? चूक हाय!"

"मी लिहिलंय," मी म्हटलं. "मुद्दाम."

त्यांनी पुन्हा त्या शब्दावर बोट ठेवलं. समजायला थोडा वेळ लागला. चुकीचं आहे हे कळायला ते वाचावं लागतं, आणि ते त्यांनी वाचलं होतं. पाठ केलेलं नाही, ऐकलेलं नाही, आधी माहीत असलेलं तर नाहीच नाही.

"काळजाचा एक कप्पाच काढून टाकलासा व्हय माझ्या," त्या म्हणाल्या. हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. एकतीस मिनिटांत चार ओळी. आपण कुठं उभ्या आहोत ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नेमकं कळलं.

त्यानंतर आम्ही असेच उतारे घेत आलो. कधी मी फुप्फुसं पोटात घालते, कधी सगळं खरंच लिहिते, म्हणजे चूक शोधायची सवय लागू नये. मार्चमध्ये त्यांची नजर पुन्हा तपासली. उजवीकडचं परत आलेलं नाही. जे यायचं होतं ते आलं, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले. आता चार ओळींना सहा मिनिटं लागतात आणि नंतर डोकं दुखतं. कधी पुन्हा तसा झटका येईल का, ही धास्ती वेगळीच. अनुजा कॉलेजातून दर दोन तासांनी फोन करते आणि आई कंटाळून "हाय अजून जित्ती" म्हणून ठेवून देते.

गेल्या दिवाळीनंतर राजनंदिनीनं त्यांना एक काम सुचवलं. कसबा बावड्यात एक संस्था बायकांना घरोघरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा करायला शिकवते. कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, नळीतून कसं भरवायचं. सगळं हातानं शिकवायचं. सिस्टर आठवड्यातून तीन दिवस जातात. वॉर्डाची सर त्याला नाही, हे त्या लपवत नाहीत.

परवा त्यांनी मला तिथं बोलावलं होतं, झटका आलेल्या माणसाशी बोलायचं कसं हे सांगायला. मी मागं बसले होते. पंधरा-सोळा बायका, मधे गादी, गादीवर एक बाई पेशंट होऊन पडलेली. सिस्टर तिच्या खांद्याखाली हात घालून कूस बदलून दाखवत होत्या. तेवढ्यात कार्यालयातून कुणीतरी छापील सूचनांचा कागद आणला आणि म्हणालं, "मॅडम, हा तेवढा सगळ्यांना वाचून दाखवा."

सिस्टरांनी कागद घेतला. त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत होतं. पुढच्या रांगेतल्या पोरीला पुढं बोलावून 'वाच बघू मोठ्यानं' म्हणाल्या असत्या. कुणाला कळलं नसतं.

त्यांनी कागद पुढच्या रांगेकडं धरला. मग म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाय. आधी यायचं. मेंदूत गाठ अडकली आणि गेलं. आता चार ओळीला सा मिनिटं लागत्यात, तेवढा तुमास्नी येळ न्हाय. तू वाच गं, वर्षाराणी."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. वर्षाराणी नावाची विशीतली मुलगी उठली आणि वाचून बसली. मग सिस्टरांनी पुन्हा गादीवरच्या बाईच्या खांद्याखाली हात घातला आणि पुढचं शिकवायला लागल्या. माझं बोलणंही झालं. टाळ्या वगैरे काही झालं नाही.

परतताना आम्ही एकाच रिक्षात होतो. त्या डावीकडच्या बाजूनं बाहेर बघत होत्या. दुकानांच्या पाट्या सरकत होत्या. धैर्यप्रसाद चौक गेला, ताराराणी चौक गेला. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या.

"त्या पोरीनं लई भरभर वाचलं."

"हो," मी म्हटलं.

सिग्नल सुटला.